तणाचे नाव आणि दोषाचा धनी

कोल्हापूरच्या आसमंतात उसाच्या बांधावर, रस्त्याच्या कडेस, पडीक जागेत बारीक पांढऱ्या फुलांचे एक झुडूप माजलेले दिसते. कोणी त्यास गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. वस्तुतः ते गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले आणि अमेरिकेच्या गव्हाबरोबर शिरले, असे लोक सांगू लागले. अशा रीतीने नावातच आरोप दडून बसला. दोष पक्षाचा, दोष परदेशाचा. आपल्या पडीक बांधाचा मात्र नव्हे!

लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्यास दिलेले पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव कानास कठोर लागते खरे. अशा नावांचा आग्रह म्हणजे पांडित्याचा डौल, असे कित्येकांस वाटते. आमचे मत निराळे आहे. लोकांतील नाव गावागणिक बदलते. शास्त्रीय नावाने देशोदेशींचे अभ्यासक एकाच वनस्पतीविषयी बोलू शकतात. त्यावरून तिचे मूलस्थान कळते आणि तेथील तिचा शत्रूही सापडतो. या झुडपाची पाने खाणारे मेक्सिकोतील भुंगे १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आले, ते अशा ओळखीच्या बळावरच.

मग शेतकऱ्याची भाषा टाकाऊ काय? मुळीच नव्हे. ज्या हरळीस तो शेतातून उपटून फेकतो, तीच दूर्वा म्हणून गणपतीस वाहतो. शास्त्राच्या लेखी ती केवळ सायनोडॉन डॅक्टिलॉन. तणपणा हा वनस्पतीचा स्वभाव नसून आपल्या गरजेने दिलेला निवाडा आहे, हे या दोन नावांतून त्यासच अधिक चांगले उमगलेले असते. निवाडा देणे शेतीत अपरिहार्य आहे. परंतु आरोपी नीट ओळखल्यावाचून तो देणे न्यायाचे नव्हे.

आणि चुकीच्या ओळखीची शिक्षा भोगतो कोण? या झुडपाच्या स्पर्शाने कित्येकांच्या त्वचेस दाह होतो, परागाने श्वासास त्रास होतो. परंतु 'गवत' म्हटले की धास्ती उरत नाही, आणि भांगलणीस आलेल्या मजूर बायका ते उघड्या हातांनी उपटतात. मालकास खरे नाव ठाऊक असेल, तर त्यांच्या हातांत हातमोजे देण्याचे आणि फुलोऱ्यापूर्वीच झुडूप काढविण्याचे कर्तव्य त्यास टाळता येणार नाही. टोपणनावाने दोष दुसऱ्यावर ढकलता येतो; खऱ्या नावाने जबाबदारी आपल्या दारी येते. ते नाव अवघड वाटण्याचे कारण केवळ उच्चार नव्हे, असे आम्हांस वाटते.