आईचा त्याग आणि आईची गोळी



लग्नाला वर्ष झाले की आपल्याकडे सुनेला एकच प्रश्न विचारला जातो, "गोड बातमी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पण जिला ल्युपससारखा आजार आहे, तिला हा प्रश्न काट्यासारखा टोचतो.

ल्युपसमध्ये जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, कधी मूत्रपिंडांवर हल्ला करते. ताप, सांधेदुखी, गालांवर लाल चट्टे आणि न जाणारा थकवा ही त्याची लक्षणे. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो मूल होण्याच्या वयातच गाठतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांना पाप कोणाचे, असा प्रश्न पडला होता. प्रभूने ते उत्तर तेव्हाच नाकारले. आपणही ते या मुलींच्या माथी मारू नये.

पूर्वी अशा स्त्रियांना मूल होऊ देऊ नका, असे डॉक्टरच सांगत. आज तसे नाही. अमेरिका आणि कॅनडातील एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आजार शांत किंवा सौम्य असलेल्या ३८५ गर्भवती होत्या. त्यांपैकी ८१ टक्के स्त्रियांची गर्भारपणे मोठ्या गुंतागुंतीविना पार पडली. मात्र त्यासाठी दिवस राहण्यापूर्वी निदान सहा महिने आजार शांत हवा. मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट यांसारखी गर्भाला घातक औषधे डॉक्टरांनी आधीच बदलून द्यायला हवीत. काही रक्ततपासण्याही लागतात, कारण या आजारातील काही घटकांमुळे वारंवार गर्भपात होतो, तर काहींमुळे क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंद पडतात.

आता खरा नैतिक प्रश्न येतो. दिवस राहिले की घरातले सांगतात, "बाळासाठी गोळ्या बंद कर." ती करते, आणि सगळे तिच्या त्यागाचे कौतुक करतात. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी गर्भारपणातही चालू ठेवायची असते. ती सोडली तर आजार उसळण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडांवर सूज येते, रक्तदाब चढतो, बाळाची वाढ खुंटते, वेळेआधी बाळंतपण होते. म्हणजे ज्याच्यासाठी त्याग केला, त्यालाच त्याची झळ बसते.

त्यागाचे उदाहरण म्हणून आपण संत जियाना बेरेत्ता मोला यांचे नाव घेतो. त्या इटलीतल्या, स्वतः डॉक्टर. १९६१ साली चौथ्या बाळाच्या वेळी गरोदर असताना त्यांच्या गर्भाशयात गाठ निघाली. त्यांनी बाळाला धक्का न लावता गाठ काढण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. एप्रिल १९६२ मध्ये मुलगी जन्मली आणि आठवड्याने आई गेली. २००४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले. दोन गोष्टी आपण विसरतो. त्यांनी उपचार नाकारले नव्हते. आणि तो निर्णय त्यांचा होता, सगळे समजून घेतलेला. सासूने, शेजारणीने लादलेला नव्हता. स्वतःहून दिले तर तो त्याग. दुसऱ्याने मागून घेतले तर ती जबरदस्ती.

आणि थांबणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या परिपत्रकात जबाबदार पालकत्वाविषयी लिहिले. गंभीर कारण असेल तर नवरा-बायको काही काळ, किंवा अनिश्चित काळही, नवे मूल टाळण्याचा निर्णय घेऊ शकतात, असे त्यात आहे. ल्युपस उसळलेला असणे हे गंभीर कारण नाही, असे कोण म्हणेल? थांबायचे कसे, हे दोघांनी डॉक्टरांशी आणि आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. काहींना मूल होणारही नाही. तरीही त्यांचा संसार अपुरा ठरत नाही.

मग आपण काय करायचे? निलंग्याहून तज्ज्ञ डॉक्टरांकडे लातूर, सोलापूर किंवा हैदराबादला जायचे म्हणजे गाडीभाडे आले, दिवस मोडणे आले. सोयाबीनच्या राशी चालू असताना तर घरातून निघणेच अवघड. अशा वेळी शेजारणीने तिचे लेकरू सांभाळावे, दिराने गाडी काढावी, सासूबाईंनी गोळीची वेळ लक्षात ठेवावी. नवऱ्याने तपासणीला स्वतः सोबत जावे. लग्न ठरवताना आजार लपवू नये, आणि कळल्यावर मुलीला माहेरी धाडू नये.

बाळ आईच्याच रक्तावर वाढते. तिला सांभाळले तरच ते सांभाळले जाते. या रविवारी मिस्सानंतर अशी एखादी बहीण भेटली, तर गोड बातमी विचारू नका. "तब्येत कशी आहे? दवाखान्यात सोबत येऊ का?" एवढेच विचारा.