वेळापत्रक कोणाच्या हातात?

डबघाईला आलेली प्राथमिक शाळा सावरते, तेव्हा बहुधा इमारत तीच असते, शिक्षक तेच असतात आणि मुलेही त्याच वस्तीतली असतात. बदलतो तो मुख्याध्यापक आणि त्याच्यामागोमाग शाळेची सगळी घडी. खंबीर नेतृत्व म्हटले की करडा आवाज आणि कडक शिस्त डोळ्यांसमोर येते. शाळेपुरता त्याचा अर्थ साधा आहे: वेळापत्रक कोणासाठी आखायचे, कोणती जागा कोणाला द्यायची, दार कोणाला उघडायचे, हे ठरवण्याचा अधिकार आणि ठरवलेले तडीस नेण्याची चिकाटी. कोलकात्याने हे दोनदा ठळकपणे पाहिले आहे.

ईश्वरचंद्र विद्यासागर 1846 मध्ये संस्कृत कॉलेजात सहायक सचिव झाले. नाव कॉलेजचे असले, तरी तिथे लहान मुलेही व्याकरणाच्या वर्गात बसत आणि अर्थ कळायच्या आधीच ‘मुग्धबोध’ हे संस्कृत व्याकरण घोकत. विद्यासागरांनी सुधारणांची योजना मांडली. सचिव रसमय दत्त यांनी ती मानली नाही आणि 1847 मध्ये विद्यासागरांनी राजीनामा दिला. जानेवारी 1851 मध्ये ते त्याच संस्थेचे प्राचार्य झाले, तेव्हा गोष्टी भराभर हलल्या. तिथीनुसार मिळणाऱ्या सुट्टीऐवजी रविवारची सुट्टी आली. मुलांना संस्कृत व्याकरण बंगालीतून समजावे म्हणून त्यांनी ‘उपक्रमणिका’ लिहिली. ब्राह्मण आणि वैद्य या जातींपुरते असलेले दार आधी कायस्थांना, मग इतर जातींच्या हिंदूंनाही उघडले. माणूस तोच होता, शाळाही तीच होती. 1847 मध्ये त्याच्या हातात अधिकार नव्हता, 1851 मध्ये तो आला. पुढे 1855 मध्ये त्यांनी बंगालच्या चार जिल्ह्यांत आदर्श शाळा उभारायला घेतल्या, तेव्हा त्याच वर्षी शिक्षक घडवणारी नॉर्मल स्कूल काढली आणि मुलांच्या हाती ‘वर्णपरिचय’ हे अक्षरओळखीचे पुस्तक दिले. शिक्षकावाचून शाळा काढण्यात अर्थ नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरे उदाहरण सियालदहचे. रेल्वे स्टेशनला लागून असलेली लोरेटो डे स्कूल ही 1857 पासूनची मुलींची शाळा. रूढ अर्थाने ती आजारी नव्हती. निकाल चांगले होते, नाव होते. पण फलाटावर आणि फुटपाथवर वाढणाऱ्या मुलांशी तिचा संबंध नव्हता, आणि शेजारची मुले जिच्या भिंतीबाहेर राहतात ती शाळाही एका अर्थाने अपयशीच म्हटली पाहिजे. सिस्टर सिरिल मूनी 1979 मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. मूळच्या आयर्लंडच्या, 1956 मध्ये भारतात आलेल्या. त्यांनी पद घेतले तेव्हा पटावर सुमारे 790 मुली होत्या आणि त्यांतल्या जेमतेम 90 गरीब घरांतल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पट 1400 च्या घरात गेला आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुली फी न भरता शिकत होत्या. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांना 25 टक्के जागा राखायला सांगितल्या त्या 2009 मध्ये, हे इथे ध्यानात घ्यावे.

1985 मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘रेनबो’ वर्ग सुरू झाले, शाळेच्या गच्चीवर. यातली खरी करामत वेळापत्रकात होती. पाचवीपासून पुढच्या मुलींचे कार्यशिक्षणाचे तास आठवडाभर असे विखरून लावले, की कोणता ना कोणता वर्ग गच्चीवर असेच. त्यामुळे काच-पत्रा वेचणारे मूल सकाळी येवो की दुपारी, त्याच्यासमोर बसायला एक मुलगी हजर असे. एका मुलामागे एक शिकवणारी. कालचा धडा चुकला म्हणून मूल मागे पडत नसे. जिथे थांबले होते तिथूनच पुढे जाई, आणि तयारी झाली की वयाला साजेशा नियमित वर्गात दाखल होई.

मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवणे आपल्याला नवे नाही. पंतोजींच्या शाळेत तेच चाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथालयात ही पद्धत वापरून ती इंग्लंडात नेली. तिथे मात्र तिचे मोल एका शिक्षकात शेकडो मुले शिकवण्याच्या काटकसरीत होते. सियालदहला हिशेब वेगळा होता. अक्षर गिरवणाऱ्या मुलाइतकीच गिरवून घेणारी मुलगीही तिथे शिकत होती, आणि तिचे ते शिकणे मुख्याध्यापिकेने अभ्यासक्रमाचा भाग मानले होते. युनेस्कोचा नोमा पुरस्कार (1994) आणि पद्मश्री (2007) नंतर आले. सिस्टर सिरिल 2011 मध्ये पदावरून निवृत्त झाल्या, 2023 मध्ये वारल्या. रेनबोची कल्पना तोवर कोलकात्याबाहेर, पुण्यातही रुजली होती. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे असलेले काम असे टिकत नाही. तासिकांत बसवलेले टिकते.

महाराष्ट्रात अशा खंबीर नेतृत्वाचे ताजे उदाहरण खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा. पट बोटांवर मोजण्याइतका उरलेली ही शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी उभी केली, आणि 2025 मध्ये तिला जगातील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पण अशा गुरुजींची वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 150 पेक्षा जास्त मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत दोघांपैकी एकाने वर्गही घ्यायचे, पोषण आहाराचा हिशेबही ठेवायचा, माहितीचे तक्तेही भरायचे आणि शाळेची घडीही बसवायची. पट घसरलेल्या, म्हणजे नेतृत्वाची सर्वाधिक गरज असलेल्या शाळेलाच कायदा ते पद नाकारतो. ही अट बदलली पाहिजे.