उशाशी बंदूक

ख्रिस्ती माणसाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगावी काय? खानापूरच्या जंगलाकडे रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक आपणांस नवी नाही. पण खासबागेसारख्या विणकरांच्या दाट वस्तीतही हा प्रश्न निघतो. पुढची मूठ मागेपुढे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत बसते, अशी ‘पंप’ पद्धतीची बारा बोअर घ्यावी आणि अरुंद खोलीत चटकन वळावी म्हणून तिची नळी कापून घ्यावी, असा सल्ला देणारेही भेटतात. तेव्हा या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

पवित्र शास्त्र याविषयी मुके नाही. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात असा नियम आहे की, रात्री घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष नाही. मात्र सूर्य उगवला असेल तर दोष आहे. हा भेद कशासाठी? अंधारात आलेला मनुष्य भांडी न्यायला आला की जीव घ्यायला, हे घरधन्याला कळत नाही. उजेडात ते कळते. म्हणजे सवलत दिली आहे ती घरधन्याच्या भीतीला. त्याच्या रागाला नव्हे.

आपल्या देशाचा कायदाही याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणेच, रात्रीच्या घरफोडीला वेगळे स्थान आहे. तथापि बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणाच्या बंदुकीची नळी किमान २० इंच सांगितली आहे, आणि परवानगीवाचून ती आखूड करणे हा गुन्हा आहे. आखूड बंदूक कपड्याखाली लपते. स्वतःचे दार राखणाऱ्याला हत्यार लपवण्याची गरज ती काय?

आता व्यवहाराकडे वळू. बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवली, तर मध्यरात्री ती वेळेवर हाती येणार नाही. भरून उशाशी ठेवली, तर ती प्रथम लेकरांच्या हाती लागेल. ही अडचण कोणत्याही बनावटीच्या बंदुकीने सुटत नाही. शिवाय आपली घरे भिंतीला भिंत लागून आहेत. फळीच्या दारातून सुटलेले छर्रे पलीकडे कोण उभे आहे हे विचारत नाहीत. रात्रपाळी संपवून आलेला आपलाच मुलगा कडी वाजवीत असेल!

गेथशेमाने बागेत पेत्राजवळ तरवार होती, म्हणूनच ती चालली. वार कोणावर पडला? पकडण्याचा हुकूम देणाऱ्यावर नव्हे, तर मल्ख नावाच्या एका चाकरावर. प्रभूने त्याच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला, असे लूक सांगतो. आपल्या हातून सुटलेली गोळी कोणाला लागली, तर तसा स्पर्श करणारा हात आपल्यापाशी नाही.

म्हणून बंदूक बाळगणारा प्रत्येक जण पापी, असे मी म्हणणार नाही. दूर मळ्यात एकटे राहणाऱ्या कुटुंबाची भीती खरी असते. वस्तीत बसून त्यांना उपदेश करणे सोपे आहे. परंतु हत्यार घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : मी माणसे राखतो आहे की कपाट? मजबूत कडी, अंगणातला दिवा, हाकेला ओ देणारा शेजारी, हे उपाय मी केले आहेत काय? आणि नळी कापण्याचा विचार मनात येतो, तेव्हा मी चोराला घालवण्याचा विचार करीत असतो की मारण्याचा?

संडेस्कूलच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांपुढे निर्गमातील तो नियम जरूर ठेवावा, आणि रात्र व दिवस यांतला भेद त्यांनाच शोधू द्यावा. कारण रात्री दारावर धक्का बसल्यावर विचाराला सवड मिळत नाही. तो विचार दिवसाच्या उजेडातच करून ठेवावा लागतो.