कोडने भरलेल्या तक्त्याचा कर्ता

एक्सेलचा तक्ता माणसाने समोर बसून न भरता दुसऱ्या प्रोग्रामकडून भरून घेता येतो. पायथनच्या मोजक्या ओळी एक्सेल सुरू करतात, वर्कबुक उघडतात, सेलमध्ये आकडा लिहितात आणि फाइल सेव्ह करतात. एक्सेल या वेळी पडद्यावर दिसलेच पाहिजे असे नाही. फाइलच्या माहितीत मात्र शेवटचा बदल करणारा म्हणून सहसा त्या संगणकावर नोंदलेल्या माणसाचेच नाव उमटते, मग त्याने तो आकडा पाहिलेलाही नसो. तो लिहिला कोणी?

कर्ता कोण, हा वेदान्ताचा जुना प्रश्न आहे. वसई परिसरातल्या निर्मळला वेदान्त सांगणाऱ्या शंकराचार्य परंपरेतील समाधी आणि मंदिर आहे. त्या परंपरेच्या आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात सुताराचा दाखला उलगडला आहे. वाकस हातात असेपर्यंत सुतार कर्ता असतो आणि शिणतो. हत्यारे ठेवून घरी आला की स्वस्थ होतो. आत्म्याचे कर्तेपणही असेच उपाधीमुळे, म्हणजे बाहेरून जडलेल्या साधनांमुळे, आलेले. म्हणून व्यवहारात कोणीच जबाबदार नाही, असे मात्र ठरत नाही. जीवाला कर्ता मानले नाही तर शास्त्राचे विधिनिषेध व्यर्थ होतील, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे.

कोडच्या बाबतीत हा दाखला अवघड होतो. ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम रात्रीही तक्ते भरतो: सुतार घरी निजलेला आणि वाकस चालूच. हत्यार खाली ठेवल्याने इथे कर्तेपण संपत नाही.

निर्मळमध्येच होली क्रॉस चर्च आहे, आणि कॅथलिक विचारातही सुतार भेटतो. 13व्या शतकातले थॉमस अक्वायनस म्हणतात, की कुऱ्हाड तोडते ती स्वतःच्या धारेने, पण तिच्याकडून पलंग घडतो तो कारागिराच्या कलेमुळे. साधनाला स्वतःचाही धर्म असतो, हे या विवेचनाचे मोल.

तो धर्म 2020 मध्ये इंग्लंडला महागात पडला. प्रयोगशाळांचे कोरोना अहवाल आपोआप एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाइलींत ओढले जात होते. त्या स्वरूपात एका शीटवर 65,536 ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या, 15,841 बाधित दैनंदिन आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. असे व्हावे, हे कोणाच्याही मनात नव्हते.

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण (म्हणजे साधन), चेष्टा आणि दैव. असा घोटाळा दैवाच्या माथी मारणे सोपे असते. पण ओळींची ती मर्यादा कित्येक वर्षे जगजाहीर होती. ती करणाचा गुण आहे, आणि करण निवडतो तो कर्ता. कोड लिहिणारा, तो चालवायला सांगणारा आणि निकाल न तपासता पुढे धाडणारा, या तिघांत ते कर्तेपण वाटले जाईल. एक्सेलच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.