इवल्या कुत्र्याचा अपराध

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराच्या मागून हिमालयात चालत गेलेले कुत्रे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथाच्या आरंभीही एक कुत्रे आहे, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालले असता सरमा या देवशुनीचे पिल्लू तेथे आले. जनमेजयाच्या भावांनी त्याला बडवून हाकलले. ते रडत आईकडे गेले. लेकराला मारले म्हणून सरमा तडक भांडायला धावली नाही. तुझ्याकडूनच काही आगळीक घडली असली पाहिजे, असे तिने आधी त्यालाच सुनावले. हविर्द्रव्याला तोंड लावणे दूरच, आपण त्याकडे पाहिलेही नाही, असे पिल्लाने सांगितल्यावर मात्र ती राजासमोर जाऊन उभी राहिली आणि निरपराध्याला मारल्याबद्दल तिने शाप दिला. कुत्र्याच्या अपराधाचा एवढा चोख विचार करणारे दुसरे कोणी मला आढळलेले नाही, आणि तीही कुत्रीच होती!

तिची आठवण मला झाली ती कुरुक्षेत्रापासून फार दूर. मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो असता त्याने आम्हा सर्वांना योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहायला नेले. उंच पाइन वृक्षांखाली एकेका कुटुंबाची जागा आखलेली. प्रत्येक जागी एक लाकडी मेज, चुलीचे लोखंडी कडे आणि एक पोलादी पेटी. खाण्याचा प्रत्येक पदार्थ, इतकेच काय पण साबण आणि दंतमंजनसुद्धा त्या पेटीत बंद करून ठेवायचे, कारण वासाने अस्वल येते. हा नियम आबालवृद्ध पाळताना दिसले. अस्वल मोठे असते ना!

नियम कुत्र्यांसाठीही आहेत. दोरी सहा फुटांहून लांब नको, कुत्र्याला बांधून एकटे सोडून जायचे नाही, त्याच्या आवाजाचा इतरांना त्रास होता कामा नये. आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही तर सर्वांनीच शांततेने राहायची वेळ. हे नियम अगदी योग्य आहेत. चाळीत निदान विटांची भिंत असते. तंबूत दोन संसारांमध्ये कापडाचा एक पडदा असतो, आणि त्यातून शेजाऱ्याची कूससुद्धा ऐकू येते.

आमच्या शेजारी एक चिवावा होते. अंगात लोकरीचा अंगरखा, वजन आपल्याकडच्या मांजराएवढे. वाटेने कोणी गेले की ते भुंके. कोणी गेले नाही तर मग कोणी का जात नाही म्हणून भुंके. दोरी होती, पण तिचे दुसरे टोक मातीत लोळत होते. दुसऱ्या दिवशी माझा सात वर्षांचा नातू पाणी आणायला निघाला, तेव्हा ते धावून आले आणि त्याच्या पोटरीला झोंबले. पायजम्यामुळे दात लागले नाहीत. मालक हसत म्हणाला, "स्वतःला वाघ समजतो तो!" त्याच संध्याकाळी एक भलामोठा जर्मन शेफर्ड त्याच वाटेने चालला होता. तो एकदाच गुरगुरला. त्याच्या मालकिणीने तत्काळ दोरी आखडली, त्याला खाली बसवले आणि आमची क्षमा मागितली. सबंध दिवस धुमाकूळ घालणारा कौतुकाचा धनी झाला आणि एकदा गुरगुरणारा अपराधी ठरला. नातू मात्र उरलेले दोन दिवस पाण्याला एकटा गेला नाही.

हे एकट्या त्या मालकाचे वैगुण्य म्हणावे, तर तसे नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2010 साली बाराशेहून अधिक मालकांकडून माहिती घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान कुत्री आज्ञा कमी पाळतात, लवकर खवळतात आणि अधिक भित्री असतात, असे त्यात दिसले. पण त्याचबरोबर त्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत असतात, आज काही तर उद्या काही, आणि त्यांना शिकवण्यात वेळही कमी घालवतात, हेही दिसले. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या अशा मोजणीवरून ठरत नाही. तरी माझा संशय कोणावर आहे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

"पण भुंकणे हा त्याचा स्वभाव!" हे उत्तर ठरलेले. आपल्याकडे तर नळीत घातलेल्या शेपटीची म्हण तयारच आहे, आणि आळशी मालकाला तिच्याएवढा आधार दुसरा नाही. खरोखर स्वभावच म्हणायचा, तर तो घडवला कोणी? डाख्सहुंड या बुटक्या लांबोड्या कुत्र्याच्या नावातच ‘डाख्स’, म्हणजे बिळात राहणारा बिज्जू, आहे. जर्मन शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून हे कुत्रे असे घडवले, की त्याने बिळात शिरावे, आपल्याहून दांडग्या जनावरासमोर माघार घेऊ नये आणि एवढे भुंकावे की जमिनीवरच्या माणसाला खणायची जागा कळावी. तो आवाज आणि ते धाडस आपणच मागून घेतले. शिकार संपली, बीळ गेले, आता तेच धाडस तंबूत आपल्याला नकोसे होते.

जनावराला अपराध लागत नाही, असे मीही मानतो. अपराधाला नियम ठाऊक असावा लागतो, आणि चिवाव्याला दहाचे ठोके कळत नाहीत. परंतु यावरून अपराध कोणाचाच नाही असे म्हणणे म्हणजे शुद्ध पळवाट. मालक दाताची लांबी मोजतो आणि ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणतो. नातवाला ती लांबी मोजायची सवड मिळाली नव्हती. कौतुक एकाने भोगावे आणि जागरण दुसऱ्याने सोसावे, या वाटणीला निरागसपणा म्हणता येत नाही. सरमेच्या पिल्लाने हविर्द्रव्य खरोखरच चाटले असते तर तिने काय केले असते, हे व्यासांनी सांगितलेले नाही. ती यज्ञात गेली नसती आणि पिल्लाला घेऊन बसली असती, असे मला वाटते.

आणि सर्वांत अधिक सोसते ते ते कुत्रेच. अशा कुत्र्याचे भुंकणे पुष्कळदा भीतीचे असते. गुडघ्याएवढ्या उंचीवरून पाहिले तर येणारा प्रत्येक बूट अंगावरच येत असणार. ते भ्याले की मालक त्याला उचलून उराशी धरतो, किंवा हसतो, किंवा वैतागून खेकसतो. भिण्यासारखे काही नाही हे समजेल अशा रीतीने कोणी सांगत नाही. तरी खेकसण्यापेक्षा उचलणे बरे. कारण शिक्षेचे प्रमाण जेथे जास्त, तेथे लहान कुत्री अधिक भेदरलेली, असेही त्याच अभ्यासात दिसले. शिवाय त्या रानात कोल्ह्यासारखे कायोटी हिंडतात. त्यांना मातीत लोळणाऱ्या दोरीचे हे इवले जनावर म्हणजे वाढलेले पानच.

शिकवण तरी केवढी हवी? घरी, प्रवासाच्या पुष्कळ आधी, रोज दहा मिनिटे. अनोळखी माणूस दूर असतानाच, भुंकणे सुरू होण्यापूर्वी, हाक मारायची. वळून पाहिले की तोंडात खाऊचा एक तुकडा. एक सतरंजी ठरवायची आणि तिच्यावर स्वस्थ बसले की पुन्हा तुकडा. घरातल्या सर्वांनी शब्द तोच वापरायचा, आज ‘बस’ आणि उद्या ‘अरे बस की रे राजा’ असे नव्हे. मग तीच सतरंजी तंबूच्या दाराशी पसरायची. त्या जर्मन शेफर्डची मालकीण दुसऱ्या सकाळी नेमके हेच करीत होती. नातू दुरून बराच वेळ पाहत राहिला, आणि शेवटी तिला विचारून त्याने तुकडा दिला, हात पुरता लांब करून.