पुसट झालेली खूण

चि. मुग्धा हिस,


डीएनएवरच्या खुणा पाहून त्वचेच्या कर्करोगाचं पुढे काय होणार ते सांगता येतं का, हा तुझा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. पॅथॉलॉजी शिकायला निघालेल्या मुलीने हेच विचारावं.

डीएनएतल्या सायटोसिनला मिथाइल गट चिकटला, की जवळचं जनुक बहुधा गप्प होतं. पोथीतली अक्षरं शाबूत, पण काही पानं एकमेकांना चिकटलेली, तसं. या मिथाइलवर टेट नावाची एन्झाइम्स काम करतात आणि त्यातून हायड्रॉक्सिमिथाइलसायटोसिन ही दुसरी खूण तयार होते. बोस्टनच्या संशोधकांनी २०१२ साली ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं, की साध्या तिळात ही खूण भरपूर असते आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात ती पार पुसट होते. जितकी पुसट, तितका आजार वाईट वळणाचा. त्यांनी टेट२ पुन्हा कामाला लावलं, तेव्हा प्राण्यांमधल्या गाठींची वाढ मंदावली. गेलेली खूण परत आणता येऊ शकते, हे मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. शिवाय ती बायॉप्सीच्या स्लाइडवर रंगवून पाहता येते.

तरी आजाराचा अंदाज बांधताना पहिला मान अजून ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांच्या १९७० च्या मोजमापालाच आहे. गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली, एवढंच ते मोजतं. गाठ एक मिलिमीटरच्या आत असलेले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात, चारच्या पुढे चिंता फार वाढते. खुणेवरून कळतं ते अनेक रुग्णांचं मिळून. समोर बसलेल्या एकाच माणसाला त्यावरून ‘तुमचं असंच होणार’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तू तसं कधी म्हणू नकोस.

आपल्याकडे मेलानोमा विरळा, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली. भोवरी असेल, ठेच लागून रक्त साकळलं असेल, म्हणत माणसं महिनोन्महिने थांबतात आणि तेवढ्यात गाठ खोल जाते. गायक बॉब मार्ले यांच्या अंगठ्याच्या नखाखालचा डागही आधी फुटबॉलची दुखापत समजला गेला होता. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी ते गेले.

सुट्टीत घरी आलीस की आजीचे तळवे उजेडात नीट पाहा. वाढत चाललेला, वेड्यावाकड्या कडांचा डाग दिसला, तर त्याच आठवड्यात तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे ने.

तुझी,
मावशी