लॉकेट आणि माळ

आमच्या वरणगावी कीर्तन आटोपल्यावर बायाबापड्या एक प्रश्न पुष्कळदा विचारतात : "महाराज, गेलेल्या माणसाचा फोटो लॉकेटात घालून तुळशीच्या माळेसोबत गळ्यात वागवला तर चालतं का?"

लॉकेट हा शब्द इंग्रजीतून आला. त्याच्या मुळाशी दाराची कडी असा अर्थ आहे. आपल्या ताईताचे मूळ अरबी 'तावीज'. ताईत रक्षणासाठी, लॉकेट आठवणीसाठी. राणी व्हिक्टोरियाचा पती १८६१ साली वारला. त्याच्या केसांची बट ती लॉकेटात बाळगी आणि १९०१ साली मरेपर्यंत तिने काळी वस्त्रे सोडली नाहीत.

खुणेचा दागिना आपल्याला नवा नव्हे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात रामाची मुद्रिका सीतेला पोचते आणि सीता उलट चूडामणी धाडते. तो मणी हृदयाशी धरून प्रत्यक्ष राम रडला. तेव्हा रडण्यात कमीपणा नाही. पण राम तेवढ्यावर थांबला नाही. त्याने सेतू बांधला, लंका गाठली. खुणेने पाय उचलले, हे त्या मण्याचे मोल.

म्हणून आम्ही सांगतो, लॉकेट खुशाल घाला. मात्र माळ गळ्यात पडते ती नेम घेऊन : एकादशी, वारी, मद्यमांसाचा त्याग. तसा एखादा नेम लॉकेटालाही जोडा. आई दारी आलेल्याला कळण्याची भाकरी देत असेल, तर ती भाकरी तुमच्या हातून चालू राहू द्या. नाहीतर सोने गळ्यात राहील आणि आईची रीत घरातून जाईल.